वीस इंची नळीचा निकाल

फेल्डहोवन, नेदरलँड्स
रविवार, १२ जून २०१६

तीर्थस्वरूप गुरुनाथदादा यांना आशुतोषचा नमस्कार.

साष्टांगच घालायचा विचार होता, परंतु उजवा खांदा सध्या जमिनीला टेकू देत नाही (कारण पुढे येईलच), तेव्हा हा उभ्यानेच केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर ताब्यात आहे ना? क्लबात नवीन मुलं येतात, की सगळी मोबाइलवरच गोळ्या झाडतात? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. स्वानंदीची शाळेची शेवटची परीक्षा झाली, निकाल यायचा आहे. माझी परीक्षा येत्या शनिवारी आहे. एका घरात दोन परीक्षार्थी, आणि त्यांतलं जास्त कोण घाबरलं आहे हे तिला फोनवर विचारू नका, ती खरं सांगेल.

पत्र लिहायचं कारण असं की गेले नऊ महिने आपण दर रविवारी फोनवर बोलतो, आणि दर रविवारी तुम्ही "पाव्हणं, नळी लांब ती लांबच" असं म्हणून फोन ठेवता. माझं म्हणणं दुसऱ्या वाक्यापलीकडे गेलेलं मला आठवत नाही. दोष तुमचा नाही. मी बोलायला लागतो तोवर समोरच्या माणसाला वाटतं, याचं बोलून झालं असावं. मालिनी म्हणायची, तुमच्याशी फोनवर बोलणं म्हणजे विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघत बसणं. पत्राचं बरं असतं. ते मध्येच तोडता येत नाही, आणि तोडलं तरी लिहिणाऱ्याला कळत नाही. तेव्हा बंदुकीच्या नळीचा आपला वाद मी या पत्रात कायमचा मिटवायचं ठरवलं आहे. सोबत आलेख जोडला आहे.

वादाचं मूळ तुम्हाला माहीत आहे, तरी लेखी मिटवायचं तर पहिल्यापासून मांडलेलं बरं. पाच वर्षांपूर्वी मालिनीने इथला शिकारीचा परवाना काढला. अंडं उकडलेल्या पातेल्यात दूध तापवू न देणाऱ्या पुण्याच्या घरातला मी, आणि माझी बायको रविवारी पहाटे हिरवं जाकीट घालून जंगलात जाणार, ही गोष्ट मी ऑफिसात दोन वर्षं कुणाला सांगितली नव्हती. (सांगितली तेव्हा कुणाला विशेष वाटलं नाही. त्यांना मी घरून डबा आणतो याचंच जास्त वाटायचं.) तुम्हाला मात्र आभाळ ठेंगणं झालं होतं. एन.सी.सी.च्या वयापासून तुम्हीच तिला क्लबात शिकवलेलं. उंची चार फूट अकरा, आणि क्लबाची रायफल तिच्या खांद्यापर्यंत. नळीचं टोक खाली झुकतं म्हणून तुम्ही त्याला पाण्याने भरलेला तांब्या टांगायचात आणि पाणी न सांडता तिला शंभर आकडे मोजायला लावायचात, हे तिने मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. मी तेव्हा तिच्या दंडांकडे बघून मनातल्या मनात भांडण न करण्याचा निश्चय केला.

परवाना मिळाल्यावर रायफल घ्यायची ठरली. तुम्ही फोनवरून फर्मावलंत, सव्वीस इंची नळी. मी लगेच तुमच्या बाजूला आलो. दादा, इथे एक कबुली देतो. मला तेव्हा रायफलीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण मी इंजिनिअर आहे, आणि इंजिनिअरला न कळणाऱ्या विषयाचाही तक्ता करता येतो. नळी जितकी लांब तितका दारूच्या वायूला गोळी ढकलायला वाव जास्त, तितका वेग जास्त. दर इंचामागे सेकंदाला सात-आठ मीटर. म्हणजे वीस इंचीपेक्षा सव्वीस इंचीचा वेग पंचेचाळीस मीटरने जास्त. मी चार रंगांचा आलेख काढला आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी तिच्या ताटाशेजारी ठेवला. तिने तो वाचला, त्यावर आमटीची वाटी ठेवली, आणि म्हणाली, "दादा आणि तुम्ही मिळून एक सव्वीस इंची घ्या. माझी मी घेते." दुसऱ्या दिवशी ती दुकानात जाऊन वीस इंचीची घेऊन आली. तुम्ही फोटो बघून म्हणालात, ही रायफल आहे का लाटणं? आणि मग दोन वर्षं तुमच्या तोंडी तिला दुसरं नावच नव्हतं. "आज लाटणं काय म्हणतंय?" "लाटण्याने काही लाटलं का?" ती हसायची, आणि फोन ठेवल्यावर तुमची नक्कल करून दाखवायची. हे तुम्हाला आज पहिल्यांदा कळत असेल. फार हुबेहूब करायची.

सप्टेंबरातलं मी लिहीत नाही. तुम्ही तातडीचा व्हिसा काढून शेवटचे तीन दिवस इथे होतात, तुम्ही सगळं बघितलं आहे. नंतर दवाखान्याच्या त्या लांबलचक बोळात आपण दोघं एका बाकावर बसलो होतो, हातातली कॉफी गार झाली, आणि मग तुम्ही भिंतीकडे बघत विचारलंत, "ती नळी नक्की किती इंची होती वो?" मी म्हणालो, वीस. तुम्ही म्हणालात, आखूडच की. तिथपासून आपलं बोलणं सुरू झालं ते चालूच आहे.

आता पोलिसांचं सांगतो. इथे परवानाधारक गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही. पोलीस येतात, किंवा परवाना असलेला दुकानदार ती ताब्यात घेतो. आमच्याकडे एक अतिशय सभ्य पोलीस आला. त्याने आधी दुःख व्यक्त केलं, मग कॉफी घेतली, मग कपाट दाखवा म्हणाला. कपाट म्हणजे जिन्याखाली भिंतीला बोल्टने जखडलेली लोखंडी तिजोरी. तिची किल्ली परवानाधारकाखेरीज घरात कुणालाही सापडता कामा नये असा कायदा आहे, आणि मालिनी कायदा पाळणारी बाई. मला किल्लीचा पत्ता नव्हता. आम्ही कपडे शोधले, पुस्तकं शोधली, देवघर शोधलं. अर्ध्या तासाने स्वानंदी खाली आली आणि डचमध्ये त्या पोलिसाला म्हणाली की आईने माझ्या बाबांपासून एखादी वस्तू लपवायची ठरवली तर ती स्वयंपाकघरात असणार. किल्ली साबुदाण्याच्या डब्यात होती. वीस वर्षं मी त्या डब्यातली खिचडी खाल्ली, पण डबा कधी उघडलेला नव्हता. घाईत हात घातला तर निम्मा साबुदाणा फरशीवर. तो पोलीस सहा फूट चार इंच, बूट मोठाले, आणि साबुदाणा म्हणजे काय ते त्याला ठाऊक नाही. तो पडला नाही, पण फ्रिजपासून तिजोरीपर्यंत ज्या पद्धतीने गेला तिला चालणं म्हणता येणार नाही. जाताना त्याने रायफल दुकानदाराकडे ठेवायची व्यवस्था केली आणि मला सांगितलं, तुम्हाला ती ठेवायची असेल तर तुमचा स्वतःचा परवाना लागेल. मी म्हणालो, बरं. मला नाही म्हणायचं होतं. सवयीने बरं म्हणालो.

पण तो गेल्यावर मी जिन्याखालचं ते उघडं, रिकामं कपाट बघत बसलो, आणि मला वाटलं की बरंच आहे. तिच्या साड्या वहिनींनी नेल्या, पुस्तकं स्वानंदीने घेतली, ओव्हरकोट शेजारणीला दिला. रायफल कुणाला द्यायची कल्पनाच मला करवेना. ती तिने आपल्या दोघांचं न ऐकता घेतलेली एकमेव वस्तू होती. दुकानदार जूनअखेरपर्यंत थांबायला तयार झाला. तोवर मी पास व्हायचं, नाहीतर ती विकली जायची. अशा रीतीने, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, डास मारताना डोळे मिटणारा मी शिकारीच्या वर्गात जाऊन बसलो.

वर्गात तेऊन भेटला. तेऊन म्हणजे आमच्या गावाबाहेरचा तो गाईवाला शेतकरी, ज्याच्या रानात मालिनी शिकारीला जायची. तुम्ही त्याला दवाखान्यात पाहिलं आहे, तो दारात टोपी हातात धरून उभा होता तो. तो तिथे शिकवायला येतो. लेखी भागाची मला काळजी नव्हती. बदकांच्या सतरा जाती, पिकांची नावं, कुठला पक्षी कुठल्या महिन्यात मारायचा नाही, हे सगळं मी दहावीचा इतिहास पाठ केला तसं सनावळीसकट पाठ केलं. शंका विचारायला उठलो की तेऊन आधीच डोळे मिटायचा. एकदा मी त्याला सबंध वर्गासमोर विचारलं की नळीची लांबी किती असावी, आणि खिशातून आलेख काढला. (तोच. आमटीचा डाग अजून आहे.) तेऊन फार बोलत नाही. तो म्हणाला, तुझ्या बायकोला विचारलं नाहीस का? मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो कान लाल होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. मी म्हणालो, विचारलं होतं. ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मला बोलावलं. म्हणाला, कागद घरी ठेव आणि रानात चल. पण परवान्याशिवाय रायफल हातात देता येत नाही, म्हणून तशाच लांबीचं काहीतरी आण. मी प्लास्टिकच्या पाइपचे दोन तुकडे कापले. खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यासकट तुमच्या सव्वीस इंचीची एकूण लांबी एकशे सतरा सेंटिमीटर, तिच्या वीस इंचीची एकशे दोन. मिलिमीटरपर्यंत बरोबर. वजन जुळावं म्हणून आत वाळू भरली, तोल जुळावा म्हणून एका टोकाला जास्त भरली, दोन्हीकडून बूच मारलं. इतकं झाल्यावर वाटलं, तुमची तांब्याची पद्धतही करून बघावी. बैठकीच्या खोलीत लांब पाइप खांद्याला लावून टोकाला तांब्या टांगला. अकरा आकडे मोजले. बाराव्याला तांब्या ऑफिसच्या लॅपटॉपवर गेला. स्वानंदी जिन्यावरून म्हणाली, "वाट दू ये, पापा?" म्हणजे काय चाललंय. मी म्हणालो, तुझ्या गुरुमामाची तालीम. ती म्हणाली, आई शंभर मोजायची ना? आणि फडकं आणून दिलं. पोरगी तुमच्यावर गेली आहे.

लांब पाइप सायकलवर कॅरिअरला आडवा बांधून मी निघालो. इथे सायकलचा रस्ता अरुंद, समोरून येणारे सगळे घंटी वाजवतात, मीही क्षमा मागत मागत चाललो होतो. वळणावरच्या घरातल्या आजीबाईंनी हात करून थांबवलं आणि विचारलं, तुम्ही नळकामवाले ना? केव्हाची वाट बघते आहे. आता त्यांना काय सांगायचं? की बाई, मी इंजिनिअर आहे, कॉम्प्युटरच्या चिपा बनवायच्या यंत्रांवर काम करतो, आणि हा पाइप म्हणजे माझ्या मेव्हण्याच्या मताप्रमाणे हरणाची शिकार करायची रायफल आहे? मी म्हणालो, बरं. आत जाऊन त्यांचं तुंबलेलं सिंक मोकळं करून दिलं. तिथून निघायला पाऊण तास लागला, कारण बिस्कीट खाल्ल्याशिवाय सोडेनात. (त्या बाई आता रस्त्यात दिसल्या की हात करतात. मी दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागलो आहे.)

तेऊनच्या रानाच्या कडेला उंच चार खांबांवर एक लाकडी खोली आहे, शिडी लावून चढायची. आपल्याकडच्या शेतातल्या राखणीच्या माळ्याला भिंती आणि पत्रा घातला तर होईल तशी. आत दोन माणसं कशीबशी बसतात. मालिनी इथेच बसायची. मी तुमचा सव्वीस इंची पाठीला लावून शिडी चढलो. तिसऱ्या पायरीला पाइप दोन पायऱ्यांमध्ये अडकला आणि मी न चढता न उतरता लोंबकळलो. तेऊनने सोडवलं. दारातून आत शिरताना मागचं टोक त्याच्या थर्मासला लागलं, थर्मास खाली गेला. तो बघायला वळलो तर पुढचं टोक पत्र्यावर आदळलं. देवळातली मोठी घंटा वाजावी तसा आवाज सबंध रानात घुमला. समोर पन्नास मीटरवर एक हरीण चरत होतं, आपल्या भेकराहून थोडं मोठं. त्याने मान वर केली, आणि पळालं नाही. उभं राहून बघत राहिलं. तेऊन म्हणाला, इतका निरुपद्रवी प्राणी त्याने आजवर पाहिला नसावा. मग डावीकडच्या खिडकीतून नेम धरायचा होता. दादा, तुमची सव्वीस इंची त्या खोलीत डावीकडे वळतच नाही. वळवायची तर तेऊनला शिडीवर जाऊन उभं राहावं लागतं. तो जाऊन उभा राहिला. तोवर हरणाचं चरून झालं होतं.

पुढच्या शनिवारी पहाटे आखूड पाइप घेऊन गेलो. तो शिडीत अडकला नाही, दारात लागला नाही, मांडीवर आडवा ठेवला तर भिंतींना टेकला नाही. डावीकडे वळवला तर मुकाट्याने वळला. खिडकीच्या फळीवर एक फडकं बांधलेलं दिसलं. लाकडाचा आवाज होऊ नये म्हणून रायफलीखाली घ्यायचं असतं तसं. जवळून बघितलं तर मालिनीच्या त्या बांधणीच्या ओढणीचा तुकडा, जी हरवली म्हणून तिने मला दोनदा कपाट उपसायला लावलं होतं. मी पाइप त्यावर ठेवला. बरोबर बसला. लांब पाइपाचा तोल तिथे येत नाही, तो पुढे झुकतो. मी काही मोजलं नाही. मोजपट्टी खिशात होती.

आम्ही दोघं तासभर बसलो. तेऊन माझ्याहून कमी बोलतो, त्यामुळे त्याच्यासोबत मला फार बडबड्या असल्यासारखं वाटतं. उतरायच्या आधी त्याने एक सांगितलं ते तुम्हाला कळवायला हवं. इथल्या शिकाऱ्यांची जुनी रीत आहे. हरीण पडलं की शिकारी जवळच्या झाडाची एक डहाळी मोडतो आणि त्याच्या तोंडात ठेवतो. त्याला शेवटचा घास म्हणतात. मालिनीच्या पहिल्या शिकारीला तेऊनने ओकची डहाळी ठेवून तिला हे समजावलं. तिने ऐकून घेतलं. पुढच्या खेपेपासून ती खिशात एका डबीत तुळशीचं पान आणायची. घरातल्या खिडकीतल्या कुंडीतलं. डहाळी ठेवायची, आणि वर पान. तेऊनने कधी विचारलं नाही. सप्टेंबरात दवाखान्यात स्वानंदीने तिच्या ओठांवर पान ठेवलं तेव्हा तो दारात होता. तुम्हाला आठवत असेल, त्या खोलीत नर्सला सगळं समजावून सांगावं लागलं होतं, आणि याने मात्र टोपी काढली. मला तेव्हा वाटलं, उकडत असेल.

असो. नळीकडे वळतो.

नेमबाजीच्या मैदानावर परीक्षकांच्या देखरेखीखाली खऱ्या रायफली हाताळायला मिळतात. तेऊनची स्वतःची सव्वीस इंची आहे. दुकानदाराने मालिनीची आणली. दोन्हींना दुर्बीण. मी आधी तुमच्या बाजूची घेतली, कारण मी न्यायी माणूस आहे. टेकून पाच गोळ्या, शंभर मीटर. पाचही नेम उत्तम साधले असं वाटलं, पण माझ्या लक्ष्यावर एकही भोक नव्हतं. शेजारच्या गृहस्थांनी पाच झाडल्या होत्या आणि त्यांच्या कागदावर दहा भोकं होती. ते फार आनंदात होते. माझी पाच कुठली ते मला ओळखू येत होतं, कारण ती नऊ-दहा सेंटिमीटरमध्ये विखुरलेली होती. दुसऱ्या दिवशी खांद्याचा रंग वांग्यासारखा झाला. इथल्या डॉक्टरने तो बघितला आणि पॅरासिटॅमॉल घ्या म्हणाला. डोकं घेऊन गेलो असतो तरी तेच म्हणाला असता.

मग तिची. दादा, तिचा दस्ता तिच्या हाताच्या मापाने कापलेला. माझे हात लांब, मान लांब. गोळी सुटली तशी रायफल मागे आली आणि दुर्बिणीची कड माझ्या कपाळाला लागली. भुवयांच्या मधोमध अर्धगोल खूण उमटली, थेट चंद्रकोर. ऑफिसात एका हैदराबादच्या मुलाने विचारलं, सर, आज घरात काही सण आहे का? तरी मी थांबलो नाही. टेकून पाच झाडल्या. पाचही माझ्याच कागदावर, आणि चहाच्या बशीत मावतील अशा नव्हे, पेल्याच्या तोंडात मावतील अशा. तेऊनने कागद काढून माझ्या हातात दिला. मी तो पत्रासोबत पाठवतो आहे. वर डाव्या कोपऱ्यात थोडं रक्त आहे ते माझंच, हरणाचं नाही. आईंना दाखवलात तर तसं सांगा.

तेव्हा निकाल असा. वेगाचं आपलं गणित बरोबर होतं. सव्वीस इंची पंचेचाळीस मीटरने वेगवानच आहे. पण इथल्या झाडीत हरीण दिसतं साठ-सत्तर मीटरवर, आणि तेवढ्या अंतरात त्या वेगाने गोळीला अर्धा सेंटिमीटर फरक पडतो. अर्ध्या सेंटिमीटरसाठी दर हरणामागे एक माणूस शिडीवर पाठवावा लागतो. लांब नळीला नेम चांगला हे तुमचं म्हणणं तुमच्या रायफलीपुरतं खरं आहे, कारण तिच्यावर दुर्बीण नव्हती. नेम धरायची माशी नळीच्या टोकाला, डोळ्यापासून जितकी दूर तितकी चूक कमी. दुर्बीण आली की ते संपलं. उभ्याने नेम धरताना पुढचं वजन हात स्थिर ठेवतं हेही खरं, पण ते ज्याने लहानपणी तांब्या धरला त्यालाच, आणि तिला त्याची गरज नव्हती. शिवाय सारख्याच जाडीची नळी आखूड असली तर ताठ असते, थरथरत नाही. हे मी तिला सांगायला हवं होतं, मी इंजिनिअर आहे. तिनेच मला सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, बघू.

थोडक्यात, दोन पुरुष आलेख आणि अनुभव घेऊन एका बाजूला होते, चार फूट अकरा इंचांची बाई दुसऱ्या बाजूला होती, आणि तिचं बरोबर होतं. येत्या शनिवारी मातीच्या उडत्या तबकड्या पाडायची शेवटची परीक्षा आहे. ती झाली की परवाना, आणि लाटणं घरी. मी त्याने शिकार करणार नाही. तुम्हाला माहीत आहे. जिन्याखाली ठेवणार, आणि महिन्यातून एकदा तेल लावणार. तेलाचा वास तिच्या जाकिटाला येतो तोच आहे.

वहिनींना नमस्कार, आईंच्या पायावर डोकं. पत्र परीक्षा झाल्यावरच टाकतो, म्हणजे निकालासकट जाईल.

तुमचा,
आशुतोष

ता. क. (रविवार, १९ जून): नापास झालो. लेखीत वर्गात पहिला, रायफलीत उत्तीर्ण, आणि पंचवीस तबकड्यांपैकी तीन फुटल्या. त्यांतली एक जमिनीवर आपटून. परीक्षक फार दयाळू होते, त्यांनी तीही धरली. तरी पुरेनात. स्वानंदी मात्र पास झाली, चांगल्या गुणांनी. घरात पन्नास टक्के निकाल.

दुसरा ता. क. (रविवार, २६ जून): काल दुकानात गेलो होतो. मारायके म्हणून एक प्राथमिक शाळेतली बाई, यंदाच परवाना मिळालेली, उंचीने आपल्या मालिनीएवढीच. विकत घ्यायच्या आधी तिने मालिनीची रायफल खांद्याला लावली. दुकानदार दस्ता मापायला वाकला आणि तसाच सरळ झाला. काही कापायचं नव्हतं, काही वाढवायचं नव्हतं. तिने मला विचारलं, नळी आखूड नाही ना? मी अर्धा तास बोललो, दादा. मधे कुणी फोन ठेवला नाही. तेऊन तिला त्या खोलीत बसू देणार आहे. ओढणीचा तुकडा तिथेच राहू दे म्हणून मी त्याला सांगितलं. जिन्याखालच्या तिजोरीत आता साबुदाण्याचा डबा ठेवला आहे. किल्ली अशा जागी ठेवली की मलाच सापडत नाही.

शेवटचा ता. क.: ज्यासाठी हे एवढं लिहिलं ते राहूनच गेलं. वर मी वाद मिटवला आहे. तुम्ही प्रामाणिक माणूस आहात, कागद बघून तुम्हाला पटेल याची मला धास्ती वाटते. पटलं तरी फोनवर तसं म्हणू नका. रायफल गेली, आता तिच्याबद्दल बोलायला आपल्या दोघांकडे एवढंच आहे. नेहमीसारखं "लांब ती लांबच" म्हणा. तुमच्या बाजूचा एक भक्कम मुद्दा मी वर मुद्दामच घातला नाही: आखूड नळीचा आवाज मोठा होतो, कान बधिर होतात. पत्र पोहोचेल त्या रविवारी तो मांडा. माझ्याकडे त्याला अजून उत्तर नाही.